खेळणारे कोट्यवधी, पैसे देणारे मोजके

सप्टेंबर २०२५ मध्ये अमिरातीत आशिया चषकाचे सामने झाले. भारतीय संघ मैदानात उतरला तेव्हा जर्सीवर प्रायोजकाचे नावच नव्हते. महिन्याभरापूर्वीपर्यंत तिथे ‘ड्रीम इलेव्हन’ होते. २०२३ साली तीन वर्षांसाठी ३५८ कोटी रुपये मोजून फँटसी क्रिकेट चालवणाऱ्या या मुंबईच्या कंपनीने ती जागा घेतली होती. २० ऑगस्ट २०२५ रोजी ऑनलाइन गेमिंगचे विधेयक लोकसभेत मंजूर झाले, दुसऱ्या दिवशी राज्यसभेत आणि २२ तारखेला राष्ट्रपतींची सहीही झाली. पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन खेळ देशभर बंद झाले. कंपनीचे सहसंस्थापक हर्ष जैन यांनीच सांगितले, की ९५ टक्के महसूल एका झटक्यात गेला.

त्याच आठवड्यात आणखी एक गोष्ट घडली, तिची बातमी मात्र झाली नाही. नवी मुंबईत तयार झालेल्या ‘लुडो किंग’वर लोक नेहमीसारखे फासे टाकत होते. ‘झुपी’ नावाच्या कंपनीचा पैसे लावून खेळायचा लुडो बंद पडला, पण फुकट खेळायचा लुडो चालू राहिला. पट तोच, सोंगट्या त्याच. म्हणजे कायद्याने बंद केला तो खेळाचा एक धंदा, खेळ नव्हे.

भारतातल्या ऑनलाइन गेमिंगबद्दल बोलताना आपण नेहमी एकच मोठा आकडा फेकतो: इतके कोटी खेळाडू, इतके डाउनलोड. प्रत्यक्षात त्या एका आकड्याखाली दोन वेगळे बाजार वर्षानुवर्षे एकत्र नांदत होते. एका बाजारात खेळाडू जिंकण्याच्या आशेने पैसे लावत होता, दुसऱ्यात खेळण्याच्या मजेसाठी पैसे देत होता, आणि बहुतेक वेळा देतही नव्हता. पहिल्यात पैसा लवकर आला. दुसऱ्यात तो अजून यायचा आहे. या व्यवसायाला भवितव्य आहे का, या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या बाजाराच्या हिशेबात दडले आहे.

तीन गोष्टी, एक वर्ष

आपल्याकडे मोबाइलवरचा पहिला लोकप्रिय खेळ म्हणजे नोकियाचा ‘स्नेक’. तो फोनबरोबरच यायचा, त्यामुळे त्याचे वेगळे पैसे देण्याचा प्रश्नच नव्हता. खेळ ही फुकट मिळणारी वस्तू आहे, ही समजूत तेव्हापासूनची. पुढे २००० च्या दशकात मोबाइल कंपन्यांच्या पोर्टलवर गेम विकत मिळू लागले. पैसे प्रीपेड बॅलन्समधून कापले जात आणि त्यातला मोठा वाटा मोबाइल कंपनीच ठेवून घेई. विशाल गोंदल यांची ‘इंडियागेम्स’ आणि नितीश मित्तरसेन यांची ‘नझारा’ या मुंबईच्या दोन कंपन्या याच काळात उभ्या राहिल्या. इंडियागेम्स पुढे डिस्नेने विकत घेतली. नझारा मार्च २०२१ मध्ये शेअर बाजारात आली.

टीव्हीला जोडायचे महागडे गेम कन्सोल मध्यमवर्गाच्या आवाक्यात कधी आलेच नाहीत. फेब्रुवारी २०२१ मध्ये ‘प्लेस्टेशन ५’ भारतात आले तेव्हा किंमत होती ४९,९९० रुपये, आणि एकेका गेमचे तीन-चार हजार वेगळे. अमेरिका-जपानमध्ये मुले आधी कन्सोलवर खेळली, मग मोबाइलवर. आपण मधली पायरी गाळून थेट मोबाइलवर आलो.

त्यासाठी लागणाऱ्या तीन गोष्टी २०१६ या एकाच वर्षी जमून आल्या. ५ सप्टेंबरला जिओ सुरू झाले. त्याआधी एक जीबी डेटासाठी अडीचशेच्या आसपास रुपये मोजावे लागत, ते दर कोसळले. त्याच वर्षी यूपीआय आले आणि दहा-वीस रुपयेही फोनवरून देता येऊ लागले. दरम्यान चिनी कंपन्यांचे दहा हजारांखालचे स्मार्टफोन गावोगावच्या दुकानांत पोहोचले होते. लुडो किंग बाजारात आला तोही २०१६ सालीच. दोन वर्षांनी ‘पबजी मोबाइल’ आला आणि कॉलेजच्या कट्ट्यावर ‘चिकन डिनर’ हा विजयाचा शब्द रुळला.

खेळाडू असे आपोआप मिळाले. त्यांच्याकडून पैसे कसे घ्यायचे, इथे मात्र घोडे अडले.

डावावर लावलेला पैसा

सर्वात सोपे उत्तर शोधले ते पैशाच्या खेळांनी. ड्रीम इलेव्हनची रीत क्रिकेट पाहणाऱ्या कुणालाही पाच मिनिटांत कळे. दोन्ही संघांतून अकरा खेळाडू निवडायचे. प्रत्येक खेळाडूला काही गुणमूल्य, आणि तुमच्या हाताशी एकूण १००. म्हणजे सगळेच नामवंत घेता येणार नाहीत. दोन महागडे घेतले की कुठेतरी नवखा गोलंदाज घ्यावाच लागणार. कर्णधार केलेल्या खेळाडूचे गुण दुप्पट, उपकर्णधाराचे दीडपट. मग प्रवेश फी भरायची आणि सामना सुरू झाला की आपल्या ‘टीम’चे गुण वर-खाली होताना पाहत बसायचे. क्रिकेटचा प्रत्येक प्रेक्षक स्वतःला निवड समितीचा अध्यक्ष समजतो. कंपनीने त्या हौसेला पावती फाडली.

कंपनी स्वतः पैज लावत नव्हती. जमलेल्या रकमेतून आपला वाटा काढून बाकी बक्षिसांत वाटत होती. कोणी का जिंकेना, कंपनीचा वाटा पक्का. २०२२-२३ या आर्थिक वर्षात ड्रीम इलेव्हनचे उत्पन्न ६,३८४ कोटी रुपये होते. मुंबईला आकड्यांवर पैसे लावणे नवे नव्हते. साठच्या दशकात कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांनी मटक्याचे जाळे याच शहरातून पसरवले होते. फरक एवढाच, की मटका चोरून चाले आणि फँटसी क्रिकेटच्या जाहिराती स्वतः क्रिकेटपटू करत.

हा उजळ माथा मिळाला तो न्यायालयांमुळे. १८६७ च्या जुगारविरोधी कायद्याने निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट दिली होती. १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने रमीमध्ये कौशल्याला प्राधान्य असल्याचे मान्य केले. २०१९ साली मुंबई उच्च न्यायालयाने ड्रीम इलेव्हनच्या बाजूने निकाल दिला. ‘कौशल्य’ या एका शब्दावर हजारो कोटींचा डोलारा उभा राहिला.

डोलाऱ्याला पहिला तडा गेला तो करामुळे. १ ऑक्टोबर २०२३ पासून जीएसटीची आकारणी बदलली. एक साधे उदाहरण घेऊ. खेळाडूने १०० रुपये भरले आणि कंपनीचा वाटा १५ रुपये आहे असे धरू. आधी कंपन्या या १५ रुपयांवर १८ टक्के कर भरत, म्हणजे २ रुपये ७० पैसे. नव्या नियमाने कर २८ टक्के झाला, आणि तोही भरलेल्या पूर्ण रकमेवर. १०० रुपयांतच कर धरला तर जवळपास २२ रुपये सरकारचे. कंपनीची कमाई १५, कर २२! खेळाडू पळू नयेत म्हणून अनेक कंपन्यांनी हा कर बोनसच्या रूपाने स्वतःच्या खिशातून सोसला. त्याआधी एप्रिल २०२३ पासून निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के आयकर कपातही सुरू झाली होती.

ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने उरलेसुरलेही संपवले. खेळ कौशल्याचा आहे की नशिबाचा, हा भेदच कायद्याने बाजूला ठेवला. पैसे लावून पैसे जिंकायचे असतील तर तो खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड. बँकांनाही असे व्यवहार करण्यास मनाई झाली. दरवर्षी सुमारे ४५ कोटी लोक मिळून २० हजार कोटी रुपयांच्या आसपास गमावतात, असा अंदाज त्या वेळी सरकारी गोटातून देण्यात आला. कंपन्या न्यायालयात गेल्या आणि वेगवेगळ्या उच्च न्यायालयांतली प्रकरणे सर्वोच्च न्यायालयाकडे आली. पण गुंतवणूकदाराने घ्यायचा धडा निकालावर अवलंबून नाही. ज्या धंद्याचा पाया एका कायदेशीर व्याख्येवर आहे, तो व्याख्या बदलताच बसतो.

फुकटच्या खेळाचे गणित

दुसऱ्या बाजाराकडे वळू. लुडो किंग फुकट आहे, मग नवी मुंबईच्या ‘गेमेशन’ कंपनीचा खर्च कसा निघतो? मुख्यतः जाहिरातींतून. विकास जैस्वाल यांच्या या कंपनीचे दिवस २०२० च्या टाळेबंदीत पालटले. सकाळी दूरदर्शनवर ‘रामायण’, संध्याकाळी फोनवर लुडो, हा तेव्हा कित्येक घरांचा दिनक्रम होता. पुण्यातला मामा, अमेरिकेतला भाचा आणि सांगलीतली आजी एकाच पटावर बसू शकत होते. कंपनीला घाईघाईने सर्व्हर वाढवावे लागले.

पण जाहिरातीचा हिशेब पैशांत चालतो, रुपयांत नाही. आकडे केवळ समजण्यासाठी घेऊ. जाहिरातदार हजार वेळा जाहिरात दिसल्याबद्दल १०० रुपये देतो असे धरा. म्हणजे एकदा दिसली की दहा पैसे. एक खेळाडू दिवसाला पाच जाहिराती पाहतो, तर त्याच्याकडून रोजचे ५० पैसे. तो चार दिवस खेळून गेम काढून टाकतो. एकूण मिळकत दोन रुपये. तोच खेळाडू आणण्यासाठी दुसऱ्या ॲपमध्ये जाहिरात देऊन दहा रुपये खर्च झाले असतील, तर प्रत्येक नव्या डाउनलोडमागे आठ रुपयांचा तोटा. एक कोटी डाउनलोड झाले तर तोटा आठ कोटी! हाच खेळाडू महिनाभर टिकला तर १५ रुपये मिळतात आणि धंदा नफ्यात येतो.

म्हणूनच गेमच्या धंद्यातली माणसे डाउनलोडचा आकडा पेपरवाल्यांना सांगतात आणि स्वतः वेगळे आकडे पाहतात. आज आलेल्या शंभरांपैकी उद्या किती परत आले, सातव्या दिवशी किती, तिसाव्या दिवशी किती. यालाच ते ‘रिटेन्शन’ म्हणतात. हरल्यावर ‘जाहिरात पाहा आणि एक जीव मिळवा’ हे बटण येते, रोज उघडल्याबद्दल नाणी मिळतात, आठवडाभर न चुकता आलात तर मोठी पेटी उघडते. हे सगळे त्या तिसाव्या दिवसासाठी असते. आपले मूल गेम सोडत का नाही, याचे अर्धे उत्तर या मांडणीत आहे.

पैसे मिळवण्याचा दुसरा मार्ग गेममधल्या वस्तू विकण्याचा. ‘बीजीएमआय’, म्हणजे पबजीचा भारतीय अवतार, याचा उत्तम नमुना आहे. त्यात आभासी चलन विकत घेऊन पोशाख आणि बंदुकीवरचे रंगकाम घेता येते. त्याने नेम काही सुधारत नाही. सोबत्यांमध्ये आपण उठून दिसावे, एवढ्यासाठी मुले पैसे देतात. लग्नाच्या कपड्यांवर महिन्याचा पगार उडवणाऱ्या समाजाने यात फार आश्चर्य मानू नये. बहुसंख्य खेळाडू एक पैसाही देत नाहीत आणि थोडेसे लोक सगळ्यांचा भार उचलतात, हे जगभरच्या फुकट गेमचे सूत्र आहे. डाउनलोडच्या मोजणीत भारत जगात अगदी वर आहे, पण खर्चाच्या मोजणीत बराच खाली.

मिळालेल्या पैशातही वाटेकरी आहेत. गुगलचे प्ले स्टोअर गेम कंपनीच्या वर्षाच्या पहिल्या दहा लाख डॉलरवर १५ टक्के आणि त्यापुढे ३० टक्क्यांपर्यंत दलाली घेत आले. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने प्ले स्टोअरच्या बिलिंग धोरणाबद्दल गुगलला ९३६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. तरी नव्या स्टुडिओला हा वाटा आधीच वजा धरून चालणे शहाणपणाचे.

मैदान कोणाच्या मालकीचे?

ई-स्पोर्ट्सबद्दल बरीच हवा आहे, म्हणून दोन शब्द. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने ई-स्पोर्ट्स क्रीडा मंत्रालयाच्या अखत्यारीत आणले. त्याच वर्षी बीजीएमआयची स्पर्धा स्टार स्पोर्ट्सवर दिसली. २०२३ च्या हांगझौ आशियाई स्पर्धेत ई-स्पोर्ट्सना पदके होती. नव्या कायद्यानेही त्यांना मान्यता दिली आहे.

मेख वेगळीच आहे. क्रिकेट कुणाच्या मालकीचे नाही, पण प्रत्येक ई-स्पोर्टचा एक मालक असतो. २ सप्टेंबर २०२० रोजी सरकारने पबजी मोबाइलसह ११८ चिनी संबंध असलेली ॲप बंद केली. बीजीएमआय जुलै २०२१ मध्ये आला, जुलै २०२२ मध्ये स्टोअरमधून गायब झाला आणि मे २०२३ मध्ये परतला. मधल्या दहा महिन्यांत संघ, प्रशिक्षक, समालोचक आणि आयोजक या सगळ्यांचे मैदानच दिसेनासे झाले होते. एकाच गेमवर करिअर बेतणाऱ्या मुलाने आणि एकाच गेमवर कंपनी बेतणाऱ्या उद्योजकाने ही तारखांची मालिका लक्षात ठेवावी.

पुण्यातले स्टुडिओ

गेम खेळण्याबरोबर गेम बनवण्यातही महाराष्ट्राचा, विशेषतः पुण्याचा, वाटा मोठा आहे. फ्रान्सच्या ‘युबिसॉफ्ट’ने २००८ साली पुण्यातला एक स्टुडिओ विकत घेतला आणि २०१८ साली मुंबईत नवा काढला. २०२० साली ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: सँड्स ऑफ टाइम’ची नवी आवृत्ती जाहीर झाली, तेव्हा ती करण्याचे काम या दोन स्टुडिओंकडे होते. एवढ्या नावाजलेल्या गेमची सूत्रे पहिल्यांदाच भारतीय हातांत आली होती. दोन वर्षांनी ते काम माँट्रियलला गेले. कुशल हात आपल्याकडे आहेत, पण मालकी दुसऱ्याकडे असेल तर निर्णयही दुसऱ्याचाच.

मालकी स्वतःकडे ठेवण्याची वाट किती खडतर आहे, हे ‘राजी: ॲन एन्शन्ट एपिक’ने दाखवले. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स’ या छोट्या चमूने तो बनवला. लोकवर्गणीतून निधी उभारण्याची त्यांची मोहीम फसली, तरी काम थांबले नाही. धाकटा भाऊ राक्षसाने पळवून नेला म्हणून त्रिशूळ हाती घेतलेली राजी, राजस्थानी किल्ल्यांची आठवण करून देणारे महाल, भिंतींवर उलगडणाऱ्या पुराणकथा. ऑगस्ट २०२० मध्ये तो ‘निन्टेन्डो स्विच’वर आला आणि ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या सर्वोत्तम इंडी गेमसाठी त्याला नामांकन मिळाले. आपल्या गोष्टी आपल्याच ढंगात सांगितल्या तर जग पैसे देऊन खेळते, याचा हा पुरावा. मुंबईच्या ‘अंडरडॉग्ज’ स्टुडिओचा मानवी तस्करीवरचा ‘मुक्ती’ याच वाटेवरचा.

तिसरा नमुना व्यापारी आहे. पुण्याच्या ‘सुपरगेमिंग’ने आधी ‘मास्कगन’ चालवला, बांदाई नामकोसाठी ‘पॅक-मॅन’चा मोबाइल गेम सांभाळला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये स्वतःचा ‘इंडस’ आणला. पुण्याच्याच ‘नॉटिलस मोबाइल’ने ‘रिअल क्रिकेट’ वर्षानुवर्षे सुधारत नेला आणि २०२५ मध्ये बीजीएमआयवाल्या कोरियन ‘क्राफ्टन’ने सुमारे ११८ कोटी रुपयांत त्यात नियंत्रक हिस्सा घेतला. नझारानेही ब्रिटनमधल्या ‘फ्यूजबॉक्स’ आणि ‘कर्व्ह गेम्स’ या गेम कंपन्या घेतल्या. पैशाचा ओघ डावाकडून खेळाकडे वळतो आहे, तो असा.

विरलेल्या लाटा

या क्षेत्रात दर दोन वर्षांनी नवी लाट येते आणि तिच्या नावावर पैसा गोळा होतो. गुगलने नोव्हेंबर २०१९ मध्ये ‘स्टेडिया’ आणली. यंत्र नको, गेम इंटरनेटवरून थेट पडद्यावर येईल, अशी ग्वाही होती. जानेवारी २०२३ मध्ये ती बंद झाली. २०२१ साली फेसबुकने नाव बदलून ‘मेटा’ केले, पण आभासी विश्वात राहायला फारसे कुणी गेले नाही. ‘खेळा आणि कमवा’ म्हणणाऱ्या ‘ॲक्सी इन्फिनिटी’वर फिलिपिन्समध्ये अनेकांची घरे चालत होती. मार्च २०२२ मध्ये त्याच्या जाळ्यातून सुमारे ६० कोटी डॉलरची आभासी चलने चोरीला गेली. तंत्र यातले कुठलेच निरुपयोगी नव्हते. ग्राहकाला त्याची गरज पटण्याआधीच किंमत लावली गेली, हे दुखणे होते.

आता पैसा कुठे आहे?

महाराष्ट्र सरकारने २०२५ मध्ये ॲनिमेशन आणि गेमिंगसाठी स्वतंत्र धोरण मंजूर केले. मुंबईत ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज’ सुरू झाली. ऑक्टोबर २०२२ पासून ५जी आले. वातावरण अनुकूल आहे, पण अनुकूल वातावरणात वाईट धंदाही काही काळ चालतो.

माझ्या मते संधी तीन ठिकाणी आहे. पहिली, क्रिकेट, कॅरम, पत्ते आणि लुडो यांसारख्या आधीच अंगवळणी पडलेल्या खेळांत. हे खेळ शिकवावे लागत नाहीत, म्हणून खेळाडू आणण्याचा खर्च कमी. दुसरी, भारतात बनवून बाहेर विकण्याच्या गेममध्ये. परदेशी खेळाडू गेमसाठी पैसे मोजायला सरावलेला आहे. तिसरी, भारतीय भाषांत. मराठी समालोचन, मराठी सूचना, मराठी गोष्ट असलेला चांगला गेम आजही शोधावा लागतो, आणि जिथे शोधावे लागते तिथे दुकान थाटायला जागा असते. मात्र मुलांच्या जिवावर कमाई करू पाहणाऱ्यांनी सावध राहावे. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळलेली संमती बंधनकारक केली आहे आणि त्यांच्या वागण्यावर पाळत ठेवून जाहिराती दाखवण्याला मनाई केली आहे.

तुम्ही या क्षेत्रात पैसे घालणार असाल, नोकरी धरणार असाल किंवा स्वतःचा स्टुडिओ काढणार असाल, तर समोरच्याने सांगितलेला डाउनलोडचा आकडा बाजूला ठेवा आणि तीन प्रश्न विचारा. तिसाव्या दिवशी किती खेळाडू परत येतात? त्यांतले किती जण जिंकण्याच्या आशेशिवाय, केवळ मजेसाठी पैसे देतात? आणि गेमची मालकी कोणाची आहे? तिन्हींची उत्तरे आकड्यांत आणि कागदावर मिळाली, तरच पुढची बोलणी करा.